बापाची रजा: कर्णधाराला मिळाली, नेट बॉलरचं काय?

९ नोव्हेंबर २०२०. दुबईत आयपीएलची फायनल दुसऱ्या दिवशी होती आणि भारतीय संघ तिथूनच ऑस्ट्रेलियाला निघायच्या तयारीत होता. त्या दिवशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने संघातल्या बदलांचं एक पत्रक काढलं. त्यातल्या दोन नोंदी महत्त्वाच्या होत्या. एक, कर्णधार विराट कोहली अॅडलेडची पहिली कसोटी खेळून घरी परतणार, त्याला पितृत्व रजा मंजूर. दुसरी, वरुण चक्रवर्ती दुखापतीमुळे बाहेर, त्याच्या जागी टी-२० संघात टी. नटराजन.

पहिल्या नोंदीवर देशभर वाद झाला. चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत एकच सवाल, देश मोठा की बाळंतपण? दुसरी नोंद वाचून लोक पुढे गेले. पण त्याच आठवड्यात नटराजनही बाप झाला होता. आयपीएलच्या बाद फेरीत त्याने एबी डिव्हिलियर्सचा त्रिफळा यॉर्करवर उडवला, आणि त्याच दिवसांत तिकडे तमिळनाडूत त्याच्या घरी मुलगी जन्मली. तो दुबईहून घरी गेलाच नाही, थेट ऑस्ट्रेलियाला गेला. मुलीला पहिल्यांदा पाहायला जानेवारी २०२१ ची अखेर उजाडली.

म्हणजे पत्रक एकच, दौरा एकच, दोघंही नवे बाप. एकाच्या रजेची बातमी झाली, दुसऱ्याला रजा हवी होती का हे विचारायचंही कोणाच्या डोक्यात आलं नाही. खेळाडूंच्या पितृत्व रजेचा खरा प्रश्न इथे आहे. तो कोहलीपुरता नाही आणि क्रिकेटपुरताही नाही.

बाप लांबच असतो, हीच रीत

खेड्यापाड्यात या वादाकडे बघायची नजर थोडी वेगळी आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी जाते, बाळ झालं की जावयाला फोन येतो, पेढे की जिलेबी एवढं कळतं. जावई आला तर पाचवीला, नाहीतर थेट बारशाला. फौजेतला जवान, ट्रकवरचा ड्रायव्हर, पुण्याच्या कंपनीतला पोरगा, सगळ्यांची गत तीच. त्यामुळे 'कोहलीला काय गरज होती, घरात नोकरचाकर आहेत' हे वाक्य गावात सहज निघतं. ते वाईट मनाने बोललेलं नसतं. बोलणाऱ्याने स्वतःच्या लेकराचा जन्म फोनवरच ऐकलेला असतो.

क्रिकेटमध्येही जुनी रीत हीच होती. सुनील गावसकर यांचा मुलगा रोहन फेब्रुवारी १९७६ मध्ये जन्मला तेव्हा गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते. तिथून संघ वेस्ट इंडिजला गेला. मुलाचं तोंड त्यांनी दौरा आटोपल्यावरच पाहिलं. महेंद्रसिंग धोनीला फेब्रुवारी २०१५ मध्ये मुलगी झाली तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता. आपण देशाच्या कामावर आहोत, बाकीचं थांबू शकतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर तेव्हा खूप गाजलं. कोहलीला नावं ठेवताना लोक धोनीचाच दाखला देत होते.

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे हाही त्याच रांगेतला. ५ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याला मुलगी झाली तेव्हा तो विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी खेळत होता. सामना संपवूनच तो लेकीला भेटला. योगायोग असा की पुढच्याच वर्षी कोहली रजेवर गेला तेव्हा कप्तानी आली ती याच रहाणेकडे.

संघाचं नुकसान होतं का?

रजेच्या विरोधातला पहिला मुद्दा म्हणजे संघाचं नुकसान. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अॅडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत गुंडाळला गेला आणि त्या पराभवानंतर कर्णधार घरी गेला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण पुढे काय झालं? मेलबर्नला रहाणेने ११२ धावा केल्या, भारत जिंकला. सिडनीला ११ जानेवारी २०२१ रोजी हनुमा विहारी आणि रविचंद्रन अश्विन यांनी दुखापती अंगावर घेऊन सामना वाचवला. कोहलीला मुलगी झाली ती नेमकी त्याच दिवशी. १९ जानेवारीला ब्रिस्बेन जिंकून भारताने मालिका २-१ अशी खिशात घातली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रोहित शर्माच्या घरी दुसरं बाळ आलं. पर्थची पहिली कसोटी तो खेळला नाही. जसप्रीत बुमराने नेतृत्व केलं आणि भारत २९५ धावांनी जिंकला. तोच बुमरा सप्टेंबर २०२३ मध्ये आशिया चषक सुरू असताना श्रीलंकेहून मुलाच्या जन्मासाठी घरी आला, नेपाळविरुद्धचा एक सामना सोडला आणि परत जाऊन संघात दाखल झाला.

याची दुसरी बाजूही आहे. जुलै २०२० मध्ये इंग्लंडचा कर्णधार जो रूट दुसऱ्या बाळासाठी वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली कसोटी खेळला नाही आणि साउदम्प्टनला इंग्लंड चार गडी राखून हरलं. म्हणजे रजा दिली की संघ जिंकतो असं नाही, आणि रजा दिली की बुडतो असंही नाही. हार-जीतीवरून रजेचा निवाडा होऊ शकत नाही.

उलट एक साधी गोष्ट बघावी. मांडीचा स्नायू दुखावला तर तो सांगून दुखावत नाही. खेळाडू आदल्या दिवशी चालता-बोलता असतो आणि सकाळी संघाबाहेर जातो. तरी संघ चालतो, बदली खेळाडू येतो, कोणी देशप्रेमाचा सवाल काढत नाही. बाळंतपणाची तारीख मात्र सात-आठ महिने आधी कळलेली असते. नियोजन करायला याहून सोपी गैरहजेरी दुसरी नसेल. तरी तिच्यावरच जास्त बोललं जातं, कारण ती नियमात बसवलेली नाही. दर वेळी नव्याने मागायची, नव्याने मंजूर व्हायची आणि नव्याने चर्चा व्हायची.

जागा पक्की, तर रजा सोपी

आता नटराजनकडे येऊ. सेलम जिल्ह्यातलं चिन्नप्पमपट्टी हे त्याचं गाव. घर हातावर पोट असलेलं. ऑस्ट्रेलियाला तो निघाला तो मुळात नेट बॉलर म्हणून, म्हणजे फलंदाजांना सराव देणारा. चक्रवर्तीच्या दुखापतीमुळे टी-२० संघात नाव आलं. २ डिसेंबरला कॅनबेरात एकदिवसीय पदार्पण, ४ डिसेंबरला टी-२० पदार्पण. त्यानंतर एकेक गोलंदाज जायबंदी होत गेला आणि १५ जानेवारीला ब्रिस्बेनमध्ये त्याच्या हातात कसोटीची टोपी पडली. पहिल्या डावात तीन बळी. एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत पदार्पण करणारा तो पहिला भारतीय. गावात परतला तेव्हा रथातून मिरवणूक निघाली.

आता हिशोब मांडा. कोहलीचा मंडळाबरोबर सर्वात वरच्या श्रेणीतला, वर्षाला ७ कोटींचा करार होता. तीन कसोटी सोडल्या तरी त्याची जागा कोणी घेणार नव्हतं. नटराजनकडे तेव्हा वार्षिक करारच नव्हता. त्याने नोव्हेंबरमध्ये 'लेकीला बघून येतो' म्हटलं असतं, तर कोरोनाच्या विलगीकरणामुळे परतणं अवघड होतं आणि त्याच्या जागी दुसरा कोणीतरी गेला असता. त्याची कसोटी ती एकच राहिली. एकदिवसीय सामने दोन, टी-२० चार. म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा मोठा भाग त्या एका दौऱ्यात मावला. ती संधी गेली असती तर ती पुन्हा आलीच नसती.

गावसकरांनी त्या काळात आपल्या स्तंभात नेमका हाच फरक दाखवला होता, की कर्णधाराला एक न्याय आणि नवख्याला दुसरा. अनेकांनी त्यावरून कोहलीला झोडपलं. पण या फरकाचा अर्थ 'कोहलीने जायला नको होतं' असा काढणं म्हणजे एकाच्या ताटात भाकरी नाही म्हणून दुसऱ्याच्याही ताटातली काढून घेण्यासारखं आहे. कोहली गेला ते बरंच झालं. नटराजनला जायची सोय नव्हती, ते वाईट झालं.

राष्ट्रीय संघाच्या खाली उतरलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. रणजी करंडक खेळणाऱ्यांना मानधन दिवसावर मिळतं. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामन्यांसाठी ५० हजार आणि त्याहून जास्त असतील तर ६० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण हंगाम काही महिन्यांचा आणि बाकी वर्ष मोकळं. नवख्या पोराने बाळंतपणासाठी चार दिवसांचा एक सामना सोडला तर १ लाख ६० हजार गेले, वर जागाही गेली. त्याच्या जागी आलेल्याने शतक ठोकलं तर मग वाट बघत बसायचं.

जत्रेतल्या कुस्तीत तर तेवढंही नाही. पैलवान मैदानात उतरला, कुस्ती मारली, तर इनाम. यात्रा-जत्रांचा हंगाम ठरलेला, त्यात घरी बसला तर खुराकाचे पैसे कुठून आणायचे? रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलात खेळाडू म्हणून भरती झालेल्याचं त्यापेक्षा बरं असतं. रेल्वेतल्या कबड्डीपटूला किंवा मल्लाला पितृत्व रजा आहे, पण ती त्याला रेल्वे कर्मचारी म्हणून मिळते. खेळाडू म्हणून त्याच्या पदरात काही नाही.

बाहेर नियम कसे आहेत

ज्या देशांत हा प्रश्न मार्गी लागला तिथे खेळाडूंचं मन मोठं होतं म्हणून लागला नाही. कागदावर नियम आला म्हणून लागला.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०११ पासून पितृत्व रजेची वेगळी यादी आहे. बाळ होणार असेल तर खेळाडू एक ते तीन दिवस त्या यादीत जातो, संघाला तेवढ्या दिवसांसाठी बदली खेळाडू घेता येतो आणि परतल्यावर जागा त्याची त्याला. दिवस अगदी थोडे आहेत. पण संघालाही अडचण नाही आणि खेळाडूलाही धास्ती नाही. तिथेही टोमणे चुकले नाहीत. २०१४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या डॅनियल मर्फीने १६२ सामन्यांच्या हंगामातले पहिले दोन सामने सोडले तर रेडिओवर त्याच्यावर टीका झाली. एका निवेदकाने तर हंगामाच्या आधीच सिझेरियन करून घ्यायला हवं होतं इथपर्यंत मजल मारली. नंतर त्याला माफी मागावी लागली. मर्फीला मात्र कोणाची माफी मागावी लागली नाही, कारण त्याच्या पाठीशी नियम होता.

क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये पालकत्व रजेचं धोरण आणलं. बाळाला जन्म देणाऱ्या खेळाडूला वर्षभराची पगारी सुटी आणि जोडीदाराला बाळ होणार असेल तर तीन आठवड्यांची पगारी रजा. पाकिस्तानच्या मंडळाने मे २०२१ मध्ये असंच धोरण जाहीर केलं. महिला खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत आणि पुरुष खेळाडूंना ३० दिवसांपर्यंत पगारी रजा.

अशा धोरणाचा फायदा मोठ्या खेळाडूला फारसा नसतो. त्याला नियम असो-नसो, रजा मिळतेच. फायदा होतो तो करारातल्या शेवटच्या नावाला. त्याला कोणाकडे हात जोडून जायची गरज उरत नाही.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात आईसाठी कायदा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. बापासाठी असा देशभर लागू कायदा नाही.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून सहा महिन्यांनंतरपर्यंत ती कधीही घेता येते, तीही पूर्ण पगारी. नियमातली खरी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. ही रजा सहसा नाकारू नये, असं त्यात लिहिलं आहे. त्या एका ओळीमुळे साहेबाच्या मर्जीचा प्रश्न मिटतो. कारखान्यातला कंत्राटी कामगार, दुकानातला पोरगा, शाळेतला तासिका तत्त्वावरचा शिक्षक यांच्यासाठी अशी ओळ कुठेच लिहिलेली नाही.

ती लिहिली जावी म्हणून एक प्रयत्न झाला होता, आणि तो याच जिल्ह्यातून गेला होता. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार, कळमनुरीचे राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडलं. खासगी आणि असंघटित क्षेत्रातल्या कामगारांसह सर्व बापांना १५ दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवायची सोय, आणि दत्तक घेणाऱ्यालाही तोच हक्क, असा त्याचा गाभा होता. खासगी सदस्याचं विधेयक असल्याने त्याचं पुढे काय होणार हे उघड होतं. १९७० नंतर खासगी सदस्याचं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. मे २०२१ मध्ये सातव यांचं निधन झालं. विधेयक कागदावरच राहिलं. पुढे आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आईच्या रजेची तरतूद कायम आहे, बापाच्या रजेचं कलम नाही.

हौस की गरज?

'बाप येऊन करणार काय? बाळंतपण तर बाया करतात' हा शेवटचा आणि सगळ्यात जुना मुद्दा. ज्याने सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या तांड्यावरून रात्री गाडी काढून बाळंतिणीला आणलं आहे, त्याला याचं उत्तर माहीत आहे. दाखल करताना सही कोणाची? रक्त लागलं तर धावायचं कोणी? 'इथे जमणार नाही, नांदेडला हलवा' असं सांगितलं तर गाडी आणि पैसे उभे करायचे कोणी? आणि बाळ काचेत ठेवलं तर आईजवळ एक, बाळाजवळ एक, अशी दोन माणसं लागतात. म्हातारा सासरा आणि शाळेत जाणारा दीर यांच्यावर हे सगळं पडतं, कारण नवरा साखर कारखान्याच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा रांजणगावच्या पाळीवर असतो. तो निघाला तर दिवसाचा खाडा पडतो. उचल घेतलेली असेल तर मुकादम सोडत नाही.

कोहलीच्या घरी ही अडचण नव्हती हे खरं. पण त्याने रजा घेतली तेव्हा एक गोष्ट झाली. देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध पुरुषांपैकी एकाने उघडपणे सांगितलं की बाळ जन्मताना बायकोजवळ थांबणं हे आपलं काम आहे. गावातल्या पोराला ते सांगायची लाज वाटते. 'बायकोच्या बाळंतपणाला चाललो' म्हणण्यापेक्षा तो 'घरी अर्जंट काम आहे' म्हणतो. ती लाज थोडी जरी कमी झाली असेल, तर त्या रजेने काहीतरी केलं.

मग करायचं काय

खेळापुरतं बोलायचं तर तीन गोष्टी पुरेशा आहेत. रजेचे दिवस लिहून ठरवावेत, मग खेळाडू कर्णधार असो की नेट बॉलर. दिवसावर मानधन घेणाऱ्याला त्या काळातलं मानधन मिळावं, निदान राखीव खेळाडूला मिळतं तेवढं तरी. आणि दुखापतीतून परतणाऱ्याचा जसा विचार होतो तसाच रजेवरून परतणाऱ्याचा व्हावा, त्याची जागा त्या कारणाने जाऊ नये. हे राज्य संघटनांना, लीगमधल्या संघांना आणि कबड्डीसारख्या खेळांच्या करारांना सारखंच लागू व्हावं. यात फार मोठा खर्च नाही. एका खेळाडूच्या कारकिर्दीत असा प्रसंग दोनदा, फार तर तीनदा येतो.

खेळाबाहेरचं काम मोठं आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्याला जे १५ दिवस मिळतात ते कंत्राटी कामगाराला आणि हंगामी मजुराला कसे मिळतील, पैसे मालकाने द्यायचे की सरकारने, मुकादमाच्या उचलीतून ते दिवस वजा कसे करायचे, हे प्रश्न अवघड आहेत. छोट्या दुकानदारावर सगळा बोजा टाकला तर तो नवीन लग्न झालेल्या पोराला कामावरच घेणार नाही, हा धोकाही खरा आहे. म्हणून मालक, सरकार आणि कामगार कल्याण निधी यांनी मिळून खर्च उचलायचा काहीतरी मार्ग काढावा लागेल. पण त्याआधी हा प्रश्न आहे हे तरी मान्य व्हायला हवं.

२०१७ मध्ये हिंगोलीने हा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला होता. त्यानंतर निवडणुका झाल्या, जाहीरनामे निघाले, पण बापाच्या रजेचा देशभर लागू कायदा झाला नाही. पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं की त्यांना हे विचारायला हरकत नाही. सातवांच्या त्या विधेयकाचं पुढे काय करणार?